वाऱ्याच्या उलट गेलेली आग

१

गोठणखेडचं कुरण जळालं, असं फोनवर कळलं तेव्हा मी खामगावात न्हाव्यापुढे अर्धी दाढी करून बसलो होतो. उरलेली अर्धी तशीच ठेवून धावत सुटण्याचं माझं वय नाही. जळालेलं काही पळून जात नाही, हे मी फौजदार म्हणून निवृत्त होईपर्यंत शिकलो आहे. दाढी पुरी केली, गाडी काढली आणि वाटेत उंद्रीला चहासुद्धा न घेता थेट गोठणखेड गाठलं. माझी धाकटी बहीण आशा त्या गावात दिली आहे आणि कुरणाच्या समितीची ती अध्यक्ष आहे. फोन तिचाच होता, आणि तिचा आवाज मी इतका बारीक कधीच ऐकला नव्हता.

कुरण म्हणजे गावाच्या पूर्वेची टेकडी. आशाचं लग्न झालं तेव्हा तिथं नुसता मुरूम होता, बकरीलासुद्धा चाटायला काही मिळायचं नाही. मग गावानं चराई बंद केली, कुऱ्हाड बंद केली. दसरा झाला की विळ्यानं अर्धं गवत कापायचं आणि घराघरात वाटायचं. उरलेलं अर्धं पाखरांसाठी उभं ठेवायचं. राखणीला पगारी माणूस नाही. एक काठी आहे, ती दारोदार फिरते. ज्याच्या दाराशी काठी, त्यानं त्या दिवशी कुरण राखायचं, मग तो सरपंच असो की सालदार. आज तिथं मारवेल आणि पवन्याचं गवत कमरेएवढं वाढतं, रोही म्हणजे नीलगायी येतात, आणि पावसाळ्यात तणमोर उड्या मारतो. हा पक्षी बघायला लोक कुठून कुठून येतात. मी स्वतः त्याला एकदाच पाहिला, पण खामगावात सगळ्यांना सांगतो की माझ्या बहिणीच्या गावचा आहे.

तर त्या कुरणाच्या पश्चिम कडेला, वावरांच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून, एक लांबलचक काळा पट्टा पडला होता. कालच्या दुपारचा. आणि उद्या सकाळी जिल्ह्याची समिती येणार होती. कुरण गावाच्याच हाती ठेवायचं की सौर प्लेटांच्या कंपनीला द्यायचं, हे ती पाहून ठरवणार होती.

पट्ट्याजवळ गाव जमलं होतं. मधोमध माणिकराव उभे, गावातले मोठे शेतकरी. कंपनी आली तर गावाचं भलं होईल, असं उघड म्हणणारा हा एकच माणूस. त्यांच्या हातात एक आगपेटी होती आणि पायाशी गोपाल बसला होता. गोपाल बकऱ्या पाळतो. काल काठी त्याच्या दाराशी होती.

"राखणदारानंच कुरण पेटवलं!" माणिकराव गरजले. "पायवाटेच्या कडेले सापडली ही आगपेटी. गेल्या साली बिडी ओढताना धरला होता ना यालेच? आता अजून काय पुरावा पाहिजे?"

गावाचा नियम मला ठाऊक होता. कुरणाला आग लावणाऱ्या घराचा गवताचा वाटा बंद. गोपालच्या बकऱ्या त्याच गवतावर जगत होत्या. वाटा गेला की बकऱ्या विकायच्या आणि ऊसतोडीला लागायचं, दुसरी वाट नाही. माणिकरावांनी विचारलं, "शिक्षा पाहिजे की नाही?" तसे भराभर हात वर झाले.

"निकाल संध्याकाळच्या ग्रामसभेत," आशा म्हणाली आणि मला बाजूला घेऊन गेली. "दादा, दोषी असंल तर शिक्षा मीच सुनावीन, कचरणार नाही. पण मले खात्री पाहिजे. तू खून उकलले, हे तर गवत हाय."

२

गोपालला मी पळसाच्या सावलीत घेऊन बसलो. आरोपीची पहिली उलटतपासणी त्याच्या तोंडाची नव्हे, अंगाची करायची असते. त्याच्या हातांवरचे केस होरपळलेले होते. तळहातांवर फोड होते. खांद्यावरच्या शेल्याला ठिणग्यांनी भोकं पडली होती.

"आग कशी लागली?"

"लागली."

"बिडी ओढत होता?"

"आगपेटी माह्यीच हाय, साहेब. ल्या लिहून."

"लिहायले मी आता नोकरीत नाही बे. खरं सांग. अजून कोणी होतं तिथं?"

त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच नजर टेकडीकडे वळवली. "कोणी नव्हतं. पाळी माह्यी होती. जे करायचं ते करा, पण उद्याच्या आधी आटपा. पाहुण्यायसमोर तमाशा नको."

इतकी वर्षं मी गुन्हेगार पाहिले. ते स्वतःला वाचवायला बापाचं नाव घेतात. हा माणूस मात्र वाटा जाईल म्हणून घाबरला नव्हता. पाहुण्यांसमोर गावाची शोभा होईल, याची त्याला काळजी होती. शिवाय बिडीची ठिणगी पडून आग लागली, तर माणूस पळतो. तो आगीत शिरून हात भाजून घेत नाही.

मनात एकच नाव आलं, आणि ते आल्याबरोबर मला बरं वाटलं, कारण तो माणूस मला पहिल्यापासून आवडत नव्हता.

३

माणिकराव त्यांच्या वावरात तुरीच्या गंजीजवळ उभे होते. कापलेल्या तुरीचा तो उंच ढीग मळणीची वाट पाहत धुऱ्याला अगदी लागून रचला होता.

"गंजी वाचली, नशीब म्हणायचं," मी म्हणालो.

"वारा कुरणाकडे जात होता म्हणून. इकडे आला असता तर साल गेलं असतं." त्यांनी गंजीवर हात ठेवला. "तुमाले माह्यावर शंका हाय, हे समजते मले. कंपनीवाला म्हणून. पण काल दुपारी मी शाळेत होतो. उद्यासाठी मांडव टाकणं चालू होतं. एकदम पश्चिमेकडून असा वारा सुटला की मांडवाचं कापड उडून कुरणाच्या बाजूनं गेलं. मी खांब धरून उभा, अन् तुमची बहीण माह्यावर ओरडून राह्यली, डावीकडे धरा, डावीकडे धरा! मले कोणी असं बोलत नाही, साहेब."

आशाला विचारलं. तिनं कपाळाला हात लावला. "हाव. सकाळपासून माह्यासंगच भांडत होता. धूर दिसला तवाही आमचं भांडण चालूच होतं."

झालं. माझ्या आवडत्या संशयिताची साक्षीदार माझीच बहीण निघाली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी माझी गत झाली होती.

मी रागारागानं पट्ट्याकडे परत गेलो आणि पायवाटेवर उभा राहिलो. ही पायवाट कुरणातून धुऱ्याला समांतर जाते. काळा पट्टा धुऱ्यापासून सुरू होऊन या पायवाटेशी संपला होता. वाटेच्या अलीकडे राख, पलीकडे कमरेएवढं सोनेरी गवत, एक काडी जळालेली नाही. आगपेटी सापडली ती इथंच, वाटेच्या कडेला.

तेवढ्यात डोक्यात लख्ख झालं. वारा पश्चिमेचा होता. गोपालनं इथं काडी टाकली असती, तर वाऱ्यानं आग पुढं पूर्वेला, साऱ्या कुरणात नेली असती. आणि ती गेली होती मागं, धुऱ्याकडे. मांडव उडवणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर!

आग वाऱ्याच्या उलट गेलीच कशी?

४

दुपारी आशाच्या घरी जेवायला बसलो. आशाचा नवरा, म्हणजे माझे जवाई शेषराव वाढत होते. साधा, कष्टाळू माणूस. बायको अध्यक्ष झाली तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं गावभर पेढे वाटले होते. आज त्यांनी वरण ताटाबाहेर सांडलं.

"गोपाल्या वाईट माणूस नाही, दादा," ते म्हणाले. "त्याले सोडून द्या. चूक होते माणसाकडून."

"काल तुम्ही कुठं होता?"

"विहिरीवर. बैलायसाठी हरभऱ्याचं कुटार भरून राह्यलो होतो." मग उगाचच म्हणाले, "पाहुणे येणार, म्हटलं सगळं चकाचक दिसावं." आणि भाजी आणायला म्हणून उठले, ते परत आलेच नाहीत.

मी तेव्हा लक्ष दिलं नाही. माझ्या डोक्यात वारा फिरत होता. जेवण होताच आशाला घेऊन पट्ट्यावर गेलो आणि माझा प्रश्न तिच्यापुढे टाकला. ती थबकली. मग पदर खोचून राखेत उतरली.

गवत हा तिचा प्रांत. बोलायला लागली की थांबत नाही, आणि ते ऐकताना मला फार अभिमान वाटतो, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

"हे पाह्य, दादा. धुऱ्याकडच्या अंगाले काळी खुंटं उभी हायत. म्हणजे इथं आग वाऱ्यासंगं पळाली. पळती आग वरवर खाते, बुडखे ठेवते. अन् पायवाटेकडे ये. इथं खुंट दिसते का? नुसती राख. इथं आग वाऱ्यासमोर हळूहळू सरकली, मुळापर्यंत खात खात." तिचे डोळे मोठे झाले. "दादा, ही एक आग नाही. दोन हायत! एक धुऱ्याकडून आली. दुसरी कोणंतरी पायवाटेवरून मुद्दाम तिच्या अंगावर सोडली. दोघी मधात भेटल्या, खायले काही उरलं नाही, विझल्या. दरसाल आम्ही सगळेच हे शिकतो. उलटी आग म्हणतात तिले."

"म्हणजे गोपालनं..."

"गोपालनं कुरण वाचवलं!" ती जवळजवळ ओरडली. "अन् आम्ही आगपेटी पाह्यली, खालची राख पाह्यलीच नाही. डोळे फुटले होते काय आमचे!"

"मग पहिली आग कोणाची?"

"धुऱ्यावरून आली म्हणजे धुरा पेटवला कोणंतरी. कचरा जाळायले पेटवतात. सकाळी वारा पूर्वेचा होता, आग वावराकडे झुकली असंल, काही भीती नाही. दुपारी वारा फिरला अन् ती कुरणात घुसली."

"पूर्वेच्या वाऱ्यात माणिकराव धुरा पेटवणार नाहीत," मी म्हणालो. "त्यांचीच गंजी जळाली असती."

"तेच तर! अन् धुरा पेटवणारा आधी तयारी करते. वावराच्या कडेनं वखराचे दोन तास मारते, म्हणजे दोन पट्टे ओढून माती उलटी करते, म्हणजे आग वावरात सरकत नाही. कोणाच्या वावरात ताजे तास हायत ते पाह्यलं की..."

ती बोलता बोलता धुऱ्यावर चढली होती. पलीकडे माणिकरावांच्या वावराला लागून दुसरं वावर होतं, हरभरा काढून मोकळं झालेलं. त्याच्या कडेनं धुऱ्यालगत वखराचे दोन ताजे तास गेले होते. उलटलेल्या काळ्या मातीवर करडी राख पडली होती. आधी तास, मग राख.

आशाचं वाक्य तिथंच तुटलं. ते वावर तिचंच होतं.

५

ती धुऱ्यावरच खाली बसली. मी तिच्याशेजारी बसलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की तास बुजवावेत, घरी जावं आणि म्हणावं, काही सापडलं नाही. गोपाल स्वतःच गुन्हा अंगावर घेतोय, आपण कशाला उकरावं? बहिणीचं घर बुडवायला का मी खामगावहून आलो होतो? पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून माझी जीभ उचलली नाही.

"दादा," शेवटी ती म्हणाली, "सभेत तू बोलू नको. मी बोलीन."

माझं भाषण मी मनात पाठ केलं होतं, ते राहून गेलं.

ऊन उतरताना देवळापुढच्या पारावर ग्रामसभा भरली. गोपाल एका टोकाला, शेषराव दुसऱ्या टोकाला खाली मान घालून. आशा उभी राहिली. खुंटं, राख, वारा, तास, सगळं तिनं सोप्या शब्दांत सांगितलं. बायका पाराच्या कडेला सरकल्या, माणसं उठून उभी राहिली. मग ती म्हणाली, "तास कोणाच्या वावरात हायत, ते सांगते. आमच्या. आग आमच्या धुऱ्यावरून आली."

शेषराव उठले.

"मीच पेटवला धुरा," ते म्हणाले. "रस्त्यावरून पहिला तोच दिसते. पाहुणे येतील, हिच्या घरच्या धुऱ्यावर कचरा दिसू नाही, एवढंच डोक्यात होतं. वारा फिरला तसा मी विहिरीवर धावलो, मोटर चालू कराले, तं लाईन नव्हती. बादली घेऊन परत येतो तं आग विझली होती अन् गाव जमलं होतं." ते गोपालकडे वळले. "कालपासून सांगू म्हणतो. हिच्याकडे पाहतो अन् बोल फुटत नाही. गोपाल, माह्या भावा, तुले मी डोळ्यादेखत फासावर चढू दिलं."

"फाशी कायची, भाऊ," गोपाल खेकसला. "बाई, तुम्ही हे काऊन उकरून काढलं? म्या भाऊंना धावताना पाह्यलं होतं. म्हटलं, अध्यक्षाच्या घरचीच आग निघाली असं समितीले समजलं तं कुरण गेलं समजा. माह्यं नाव तं आधीच बिडीपाई खराब हाय. त्याच्यात अजून काय खराब होणार?"

मी फौजदारकीत पुष्कळ कबुलीजबाब ऐकले. असा एकही ऐकला नव्हता.

माणिकराव खाकरले. "आता एक बोलू? मी कंपनीच्या बाजूचा, तरी बोलतो. झालं ते झालं. उद्या सांगा, आग अडवायची जाळरेषा म्हणून आम्हीच मुद्दाम पट्टा जाळला. उलट शाबासकी भेटेल. समितीले काय समजते?"

सुटकेचा एक सुस्कारा सगळ्या सभेतून गेला. बऱ्याच माना हलल्या. माझीही हलली.

"नाही," आशा म्हणाली. "आधी नियम. आग लावणाऱ्या घराचा वाटा बंद. आमच्या घराचा वाटा येत्या साली बंद करावा, असं मी मांडते. ज्याले मान्य असंल त्यानं हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. लोक एकमेकांकडे बघत राहिले, कोणी पायानं माती उकरत राहिलं. शालूबाई, गावातली सगळ्यात म्हातारी बाई, म्हणाली, "पोरी, तुह्यापाई तं कुरण उभं राह्यलं. तुले कशी शिक्षा द्यावं?"

आशा भडकली. "सकाळी गोपालसाठी भराभर वर झालेले हात आता खाली काऊन हायत? तो बकऱ्यावाला अन् मी अध्यक्ष म्हणून? मग नियम कोणासाठी केला? असा नियम करायचा असंल तं उद्या समितीले सांगते, देऊन टाका कुरण कंपनीले!"

सगळ्यांत आधी हात वर झाला तो शेषरावांचा. मग माणिकरावांनी, डोळे मिटून, हात उचलला. मग शालूबाईनं. मग सारा पार हातांनी भरून गेला, आणि कितीतरी बायका हात वर धरूनच डोळे पुसत होत्या.

"अन् माह्या आगपेटीचं?" गोपाल म्हणाला. "कुरणात आगपेटी नेऊ नाही, हाही नियम हाय."

"तुले महिनाभर जास्तीची राखण," आशा म्हणाली, आणि काल दुपारपासून पहिल्यांदा हसली.

६

सकाळी समिती आली. तिच्या प्रमुख सुचिता मॅडम, मोजकं बोलणाऱ्या, पायांत बूट घालून थेट गवतात शिरणाऱ्या. बरोबर दोन अधिकारी आणि कंपनीचा एक माणूस, कडक इस्त्रीचा.

गावानं मांडव टाकला होता, नारळ होते. आशानं त्यांना मांडवाकडे नेलंच नाही, सरळ काळ्या पट्ट्यावर नेलं. कंपनीचा माणूस पट्टा पाहून हळूच हसला, तेव्हा मला त्याची कॉलर धरावीशी वाटली होती.

"परवा इथं आग लागली," आशा म्हणाली. "गोपाल, तू सांग. तू विझवली."

गोपालनं सांगितलं. कुठून वारा, कुठं काडी लावली, पळसाच्या फांदीनं मागची ठिणगी कशी बडवली. मॅडम खाली बसल्या, खुंटं पाहिली, पायवाटेजवळची राख चिमटीत घेतली. मग विचारलं, "आणि पहिली आग कोणी लावली?"

मागून एक हात वर आला.

"मी. अध्यक्षबाईचा नवरा."

मॅडमनी आशाकडे पाहिलं. "शिक्षा?"

"आमचा गवताचा वाटा बंद. काल सगळ्या गावानं ठरवलं."

"सगळ्या गावानं?"

"एकूण एक हात वर होता," शालूबाई म्हणाली.

मॅडम उठल्या, हात झटकले आणि कंपनीच्या माणसाकडे वळल्या. "हे कुरण यांच्या हातून काढून कोणाच्या हाती द्यायचं म्हणता?"

तो माणूस काही म्हणणार, तेवढ्यात माणिकराव गर्दीतून पुढे आले. फेटा सारखा केला, घसा साफ केला आणि आपल्या वावराकडे बोट दाखवलं.

"तुमच्या प्लेटा तिथं टाका," ते म्हणाले. "जमीन माह्यी हाय, मी देतो. कुरणाले हात लावायचा नाही."

माणिकरावांशी भांडायला त्या दिवशी आशाला काही सापडलं नाही.